यंत्राला शिकवले कोणी?

श्रोतेहो, बखर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मागचा काळ उभा राहतो. चाकणचा किल्ला, १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या फौजेशी दिलेली झुंज, असल्या गोष्टी बखरीत शोभतात. आज ज्या बखरीविषयी मी सांगणार आहे, ती मात्र उलट्या तोंडाची आहे. तिच्यातली माणसे तेविसाव्या आणि चोविसाव्या शतकात राहतात आणि ताऱ्या-ताऱ्यांमधून जहाजे हाकतात. तरीही मी तिला बखरच म्हणतो. उद्याची गोष्ट रचणारा मनुष्य आजच्याच ओसरीवर बसून ती रचतो. त्याच्या घरात कशाची काळजी आहे, आळीत कशावरून भांडण चालले आहे, हे त्या गोष्टीत उतरल्याशिवाय राहत नाही.

ह्या बखरीचे नाव ‘स्टार ट्रेक’. जीन रॉडनबेरी नावाच्या गृहस्थाने ती रचली. हा मनुष्य आधी विमान चालवी, पुढे लॉस एंजेलिस शहराच्या पोलिसांत होता आणि नोकरी सोडून लेखक झाला. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर तिचा पहिला भाग दाखवला गेला. ‘एंटरप्राइज’ नावाचे जहाज, त्याचा कप्तान कर्क, त्याचा टोकदार कानांचा, भावना आवरून धरणारा मदतनीस स्पॉक, आणि चारशेवर खलाशी नवनव्या ग्रहांवर जातात, अशी ती कथा. ७९ भाग झाले आणि १९६९ साली मालिका बंद पडली. पण लोकांच्या मनातून ती गेली नाही. १९८७ ते १९९४ ‘द नेक्स्ट जनरेशन’, म्हणजे पुढची पिढी, ही मालिका झाली. १९९३ ते १९९९ ‘डीप स्पेस नाईन’ झाली आणि १९९५ ते २००१ ‘व्हॉयेजर’. त्यानंतरही आणखी मालिका निघाल्या. आज आपण ह्या चारच घेऊ.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने पहिली मालिका रविवारी सकाळी दाखवली. रविवार म्हटला म्हणून एक आठवण द्यायला हवी. गिरणी कामगाराला रविवारची सुटी १८९० सालच्या जूनपासून मिळू लागली आणि ती मिळवून देण्यात नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचा मोठा वाटा होता. लोखंड्यांचे मूळ गाव कन्हेरसर. ज्या खेड तालुक्यात चाकण आहे, त्याच तालुक्यातले. आता गंमत बघा. पिंपरी-भोसरीकडच्या पुष्कळ कारखान्यांत आठवड्याची सुटी पडते गुरुवारी. तेव्हा पोरे घरी आकाशातले जहाज पाहत बसली आहेत आणि बाप पहिल्या पाळीला गेला आहे, असे त्या भागात सहज घडे. पडद्यावरच्या जहाजात आणि बापाच्या पाळीत काही नाते आहे, हे त्या वयात कोणाच्या ध्यानात येणार?

तेच नाते शोधायला ही मालिका पुन्हा पाहावी असे मी म्हणतो. पहिल्यांदा तमाशाला गेलेला मनुष्य सोंगाड्यावरून नजर काढीत नाही. दुसऱ्यांदा गेला की त्याला ढोलकीवाला दिसतो, आणि तिसऱ्यांदा गेला तर कनात बांधणारे गडीही दिसतात. ह्या मालिकांचेही तसेच आहे. पहिल्या वेळी दिसते जहाज. दुसऱ्या वेळी प्रश्न पडतो, ह्या जहाजावर खरे काम कोण करते? आणि त्या कामाचे फळ कोणाच्या पदरात पडते? चारही मालिकांतला एकेक भाग ह्या प्रश्नासाठी निवडून, ओळीने लावून पाहिला, की तेहेतीस वर्षांचा एक इतिहासच हाती लागतो.

पहिला भाग घेऊ ८ मार्च १९६८ चा. त्याचे नाव ‘द अल्टिमेट कॉम्प्युटर’, म्हणजे शेवटचा, ज्याच्यापुढे आणखी काही नाही असा संगणक. डेस्ट्रम नावाचा मोठा शास्त्रज्ञ ‘एम-५’ नावाचे यंत्र घेऊन जहाजावर येतो. हे यंत्र एकटे जहाज चालवील, माणसांची गरज उरणार नाही, असा त्याचा दावा असतो. चाचणीसाठी चारशेवर माणसे उतरवली जातात आणि अवघी २० ठेवली जातात. यंत्र सुरुवातीला झकास काम करते. तेव्हा कर्कचाच एक सहकारी त्याची थट्टा करतो आणि बिनकामाच्या पुर्ज्याला वापरतात ते नाव त्याला देतो. कर्कच्या काळजाला ते लागते. आपल्या भागात ज्या फिटरच्या यंत्राशेजारी नवे स्वयंचलित यंत्र येऊन बसले, त्याला ही थट्टा समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे यंत्र बिघडते. लुटुपुटीची लढाई आणि खरी लढाई ह्यांतला भेद त्याला कळत नाही आणि ते आपल्याच जहाजांवर हल्ला करून माणसे मारते. अखेरीस कर्क त्याच्याशी वाद घालतो. तू खून केला आहेस, आणि खुनाची शिक्षा काय ते तुला ठाऊक आहे, असे तो त्याला पटवतो, तेव्हा यंत्र स्वतःला बंद करते. गोष्टीतली एक खुबी इथे लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे. ह्या यंत्राला विचार करता यावा म्हणून डेस्ट्रमने स्वतःच्या मनाचा ठसा त्याच्यात उतरवलेला असतो. यंत्राची हुशारी त्याची आणि यंत्राचे वेडही त्याचेच.

हा भाग त्या वर्षी का रचला गेला असेल? साठच्या दशकात अमेरिकेत स्वयंचलित यंत्रांनी रोजगार जातील काय, ह्यावर मोठा वाद चालला होता. आणि आपणही त्या वादातून सुटलो नव्हतो. त्याच सुमारास आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याला कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला होता, कलकत्त्यात तर विशेषच. भारत सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी १९६९ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ साली आला. म्हणजे अमेरिकेत कर्क ज्या प्रश्नाशी झटत होता, तोच प्रश्न वर्षभरात पुण्याच्या एका अर्थशास्त्रज्ञाच्या टेबलावर येऊन पडला.

डेस्ट्रमची भूमिका विल्यम मार्शल ह्या कृष्णवर्णीय नटाने केली होती. अमेरिकेत काळ्या माणसाला बरोबरीच्या हक्कासाठी रस्त्यावर यावे लागत होते, त्या दिवसांत शतकातला सर्वांत बुद्धिमान संशोधक काळा दाखवणे ही लहान गोष्ट नव्हती. हा भाग दाखवला गेला आणि महिना पुरा व्हायच्या आत, ४ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा खून झाला. ही मालिका किती पुढचे पाहत होती, ते ह्यावरून कळेल.

पण दुसऱ्यांदा पाहताना एक उणीवही डोळ्यांत भरते. गोष्टीतले सारे दुःख कप्तानाच्या खुर्चीचे आहे. ज्या चारशे खलाशांना बोचकी बांधून उतरवले, त्यांना कोणी काही विचारले का? त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडी एक वाक्य नाही. १९६८ ची बखर साहेबाच्या नोकरीवर आलेले संकट सांगते. गड्याच्या नोकरीविषयी ती गप्प आहे.

मध्ये अकरा वर्षे गेली. ७ डिसेंबर १९७९ रोजी ‘स्टार ट्रेक’चा पहिला चित्रपट आला आणि त्यात आपल्या मुंबईची एक मुलगी चमकली. पर्सिस खंबाटा तिचे नाव. १९६५ साली ती मिस इंडिया झाली होती. ह्या भूमिकेसाठी तिने डोक्याचे सारे केस काढले आणि त्याची तेव्हा फार चर्चा झाली. चित्रपटात एक प्रचंड यंत्र तिला, म्हणजे इलिया ह्या अधिकारी स्त्रीला, उचलून नेते आणि तिच्या रूपाचे एक यंत्रच परत पाठवते. ते प्रचंड यंत्र आपल्या निर्मात्याला शोधत निघालेले असते. माझा कर्ता कोण, आणि मी केवळ एवढाच का, असे ते विचारते. पहिल्या मालिकेतले यंत्र खुनी होते. ह्या चित्रपटातले यंत्र प्रश्न विचारणारे झाले.

आता दुसरी मालिका. १९८८ साली अमेरिकेतल्या चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या लेखकांनी मोबदल्यासाठी संप केला. तो पाच महिने चालला. त्यामुळे ‘नेक्स्ट जनरेशन’चे दुसरे वर्ष २६ ऐवजी २२ भागांचेच झाले. त्याच वर्षात, १३ फेब्रुवारी १९८९ रोजी, ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग दाखवला गेला. मनुष्य मोजायचा कशाने, असा त्या नावाचा अर्थ. लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली करीत असत आणि भाग पाहताना ते जाणवते.

नव्या जहाजावर डेटा नावाचा एक अधिकारी आहे. तो यंत्रमानव आहे. रंग फिका, चेहरा निर्विकार, पण कामाला चोख आणि स्वभावाने सालस. एक संशोधक येतो आणि म्हणतो, मी ह्याला खोलून पाहणार आणि ह्याच्यासारखे पुष्कळ तयार करणार. डेटा नकार देतो आणि राजीनामा देतो. त्यावर संशोधक म्हणतो, यंत्राला राजीनामा कसला? ते सरकारी मालमत्ता आहे. खटला उभा राहतो. सरकारी बाजू मांडायचे काम नाइलाजाने डेटाच्याच मित्रावर येते. तो भर न्यायालयात डेटाचा हात उपसून दाखवतो आणि बटण दाबून त्याला बंद करतो. पाहणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते.

डेटाच्या बाजूने कप्तान पिकार्ड उभा असतो. त्याला काही सुचेना, तेव्हा जहाजावरच्या एका जाणत्या स्त्रीशी तो बोलतो. ती भूमिका व्हूपी गोल्डबर्ग ह्या कृष्णवर्णीय नटीची आहे. ती त्याला सांगते, की जे काम कोणाला नको असते ते करायला, वापरून टाकून द्यायची माणसे पुष्कळ जगांमध्ये होऊन गेली आहेत. पिकार्डच्या तोंडून शब्द निघतो, गुलामगिरी. मग तो न्यायालयाला विचारतो, असा एक डेटा असला तर नवल म्हणाल. हजारो झाले तर ती एक जातच होईल, आणि त्या जातीला आपण कसे वागवले ह्यावरून आपली परीक्षा होणार नाही का? निकाल लागतो, की डेटा कोणाची मालमत्ता नाही, त्याला स्वतःची निवड करता येईल.

इथे एका शब्दाची कुळकथा सांगतो. शिक्षकमंडळींना वर्गात उपयोगी पडेल. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक ह्या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ ह्या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे धन्यासाठी सक्तीने करायचे काम. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे: वेठ. वेठबिगार म्हणजे काय हे आपल्या गावांना शिकवावे लागत नाही; ती बंद करणारा कायदा देशात १९७६ साली झाला. तेव्हा रोबो म्हणजे मुळात वेठबिगारच. स्नॉडग्रास ह्यांच्या कथेने एवढेच केले, की त्या शब्दाच्या पोटात दडलेला प्रश्न न्यायालयासमोर आणून ठेवला.

त्याच १९८९ च्या सप्टेंबरात पुण्यात काय चालले होते ते पुष्कळांना आठवत असेल. पिंपरीच्या टेल्को कारखान्यातले कामगार राजन नायर ह्यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले होते. महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी त्यांना तिथून उठवले. त्या लढ्याचे बरेवाईट सांगण्याचे हे ठिकाण नव्हे. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एका घराण्यातला होता. कामाला जुंपलेल्याला स्वतःची मान हलवून ‘नाही’ म्हणता येते की नाही?

तिसरी मालिका ‘डीप स्पेस नाईन’. ह्यात जहाज नाही, एक ठाणे आहे, हमरस्त्यावरच्या जकातनाक्यासारखे. तिथे क्वार्क नावाच्या व्यापाऱ्याचा गुत्ता आहे. खाणे, पिणे आणि जुगार एका छपराखाली. त्याची जात फेरेंगी, आणि नफा हाच त्या जातीचा धर्म. १९ फेब्रुवारी १९९६ रोजी दाखवलेल्या ‘बार असोसिएशन’ ह्या भागात गिऱ्हाईक कमी झाले म्हणून क्वार्क नोकरांचा पगार एक तृतीयांशाने कापतो. आजारपणाची रजा तर तिथे कोणालाच नाही. क्वार्कचा सख्खा भाऊ रॉम तिथे नोकर आहे. कान सुजून तो कामावरच कोसळतो. उठल्यावर हा भोळाभाबडा मनुष्य युनियन काढतो. फेरेंगी नोकर आधी घाबरतात. रॉम त्यांचे मर्म सांगतो, की आपल्याला पिळवणूक थांबवायची नसते, आपल्याला उद्या पिळणारा व्हायचे असते, म्हणून आपण गप्प बसतो. श्रोतेहो, हा टोला फेरेंग्यांनाच लागतो असे समजू नका.

रॉमला धीर देतो ओब्रायन नावाचा यंत्रकामगार. तो आपल्या एका पूर्वजाची गोष्ट सांगतो, जो १९०२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या कोळसाखाणींतल्या संपाचा पुढारी होता. पूर्वज कल्पित आहे, संप खरा आहे. मेपासून ऑक्टोबरपर्यंत तो चालला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांना मध्ये पडावे लागले. अखेर खाणकामगारांना दहा टक्के पगारवाढ मिळाली, दहा तासांचा दिवस नऊ तासांचा झाला, पण मालकांनी युनियनला मान्यता दिली नाही. आता गोष्टीचा शेवट बघा. क्वार्कही सगळ्या मागण्या मान्य करतो, मात्र युनियन मोडल्याचे जाहीर करायचे, ह्या अटीवर. लेखकाने १९०२ चा निकाल जसाच्या तसा आकाशात नेऊन बसवला आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात उतरली, आणि हाती काही न लागता तो विरून गेला. त्या घरांमधली पुष्कळ मुले पुढे पोटासाठी इतरत्र पांगली. ती झळ ज्याने पाहिली त्याला रॉमचा विजय फार सोपा वाटेल. तो सोपाच आहे. पाऊण तासात मागण्या मान्य होतात. तरी एक मान्य करायला पाहिजे. १९६८ साली उतरवलेल्या चारशे खलाशांना जे तोंड मिळाले नाही, ते १९९६ साली एका वाढप्याला मिळाले.

चौथी मालिका ‘व्हॉयेजर’. हे जहाज घरापासून इतके लांब भरकटले आहे, की परतीला पाऊणशे वर्षे लागावीत. त्याचा डॉक्टर पहिल्याच भागात मरतो, आणि अडीअडचणीसाठी ठेवलेला, नुसत्या प्रकाशाचा बनवलेला डॉक्टर कायमचा कामाला लागतो. त्याचा चेहरा आणि स्वभाव ज्याने त्याला बनवले त्या माणसाचाच आहे. १८ एप्रिल २००१ च्या ‘ऑथर, ऑथर’ ह्या भागात हा डॉक्टर एक कथा लिहितो. प्रकाशक त्याला न विचारता ती बाजारात आणतो आणि म्हणतो, लेखक व्यक्ती असावा लागतो, तुम्ही व्यक्ती नाही. पुन्हा सुनावणी होते. ह्या वेळी निकाल अर्धवट लागतो. पंच सांगतो, की तुम्ही व्यक्ती आहात की नाही हे मी ठरवू शकत नाही, पण तुम्ही कलावंत आहात, तेव्हा तुमच्या कथेवर हक्क तुमचा.

भाग तिथे संपला असता तर टाळ्या वाजवून आपण उठलो असतो. पण शेवटचे दृश्य वेगळेच आहे. चार महिन्यांनी आपण एका खाणीच्या ठिकाणी जातो. तिथे ह्याच डॉक्टरच्या चेहऱ्याचे कितीतरी जण खनिजाच्या कामाला जुंपलेले आहेत. डॉक्टरांचा तो नमुना जुना ठरला, म्हणून त्यांना तिकडे धाडले. एक जण दुसऱ्याला हळूच सांगतो, ती नवी कथा आली आहे, तू वाच.

चारही भाग ओळीने पाहिल्यावर हे दृश्य मनातून जात नाही. १९८९ चा डेटा पदके मिळवलेला अधिकारी होता. त्याच्यासाठी कप्तान वकील होऊन उभा राहिला. २००१ च्या डॉक्टरकडे लेखणी होती, जहाजभर मित्र होते. खाणीतल्यांकडे त्यांपैकी काही नव्हते. हक्क आधी नावाजलेल्याला मिळतो आणि बिननावाच्याला फार उशिरा, हे ह्या मालिकांनी नकळत लिहून ठेवले आहे. चाकणच्या पट्ट्यात कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे राहतात, काम सारखे करतात आणि पगार वेगळा घेतात. कंत्राटी कामगारांसाठी देशात कायदा १९७० सालीच झाला होता. तरी खाणीतल्या त्या डॉक्टरांचे चेहरे पाहून ह्या भागातल्या माणसाला ओळखीचे वाटावे, ह्याचा विचार व्हायला नको का?

आता ह्या बखरीतून आपल्या भागाकडे येऊ. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधकारखाना उभा राहिला. साठच्या दशकात आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी आणि पिंपरीला टेल्को आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि शेतांच्या जागी शेड वाढल्या. जे चाकण कांद्याच्या बाजारासाठी ठाऊक होते, तिथे ह्या शतकात मोटारींचे मोठमोठे कारखाने आले. त्यांच्या वेल्डिंगच्या आणि रंगकामाच्या शेडमध्ये आज यंत्रबाहू काम करतात. पिवळे, नारिंगी, माणसाच्या दुप्पट उंचीचे. ठिणग्या उडतात आणि जवळपास माणूस दिसत नाही.

पण हा यंत्रबाहू आपोआप शिकून येत नाही, बरे का. सांधा कुठे जोडायचा, हात कोणत्या कोनात न्यायचा, किती वेग ठेवायचा, हे कोणीतरी त्याला दाखवावे लागते. हातात एक नियंत्रक धरून माणूस त्याला एकेका जागी नेतो, ती जागा त्याच्या स्मरणात नोंदवतो आणि मग यंत्र तेच हजारदा करते. चांगला सांधा कसा दिसतो, हे ज्याला वर्षानुवर्षे काम करून कळले आहे, त्याचे ज्ञान त्या लोखंडी हातात उतरते. आता मघाची खुबी आठवा. डेस्ट्रमच्या मनाचा ठसा एम-५ मध्ये होता. प्रकाशाचा डॉक्टर एका माणसाच्या छापाचा होता. दर वेळी यंत्राच्या मागे कोणी शिकवणारा मनुष्य आहे, आणि दर वेळी गोष्ट यंत्राचे काय करायचे ह्याचीच चर्चा करते. ज्याची विद्या यंत्रात गेली त्याच्या पदरात काय पडले, हे चारही मालिकांनी नीट विचारलेले नाही. २००१ च्या कथेत लेखनाच्या हक्काचा प्रश्न येतो, पण तोही डॉक्टरपुरताच.

हा प्रश्न कारखान्याच्या फाटकाशी थांबलेला नाही. २ मे २०२३ रोजी अमेरिकेतल्या त्याच लेखकसंघटनेने पुन्हा संप पुकारला आणि तो २७ सप्टेंबरपर्यंत चालला. ह्या वेळच्या मागण्यांत एक नवी मागणी होती: लिहिणारी यंत्रे आली आहेत, ती लेखकाच्या पोटावर येऊ नयेत. ज्यांच्या पूर्वसूरींनी एम-५ ची गोष्ट लिहिली, त्यांच्याच टेबलापर्यंत एम-५ येऊन पोहोचला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, म्हणून एक सूचना करतो. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याकडच्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन केली होती. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग आपसांत चर्चा करीत, आणि काय करायचे ते ठरवीत. ती रीत अजून जुनी झालेली नाही. शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत चार संध्याकाळी चार भाग पाहा. बोलणे इंग्रजीत आहे, तेव्हा गोष्ट आधी आपल्या शब्दांत सांगा. ज्यांना पडदा मिळणार नाही, त्यांनी जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी वाचायला घ्यावी. वामन नावाच्या यंत्रमानवाची ती गोष्ट अस्सल मराठीत आहे, आणि तीन पावले मागून सारे घेणाऱ्या बटूची आठवण नावातच आहे.

भाग संपला की दिवे लावा आणि मुलांना तीनच प्रश्न विचारा. ह्या गोष्टीत काम कोणी केले? त्याचे फळ कोणाला मिळाले? आणि कोणाला कोणी काही विचारलेच नाही? उत्तरे फळ्यावर लिहा, १९६८, १९८९, १९९६, २००१ असे चार रकाने पाडून. मग पाचवा रकाना काढा आणि त्यावर चालू वर्ष घाला.

त्या रकान्यासाठी मुलांना एक काम द्या. ज्याच्या घरातले कोणी भोसरीला, तळवड्याला किंवा चाकणला कामाला जात असेल, त्याने रात्री जेवताना विचारून यायचे: तुमच्या शेडमधल्या यंत्राला शिकवले कोणी, आणि शिकवणारा आता कुठे आहे? मुले जी उत्तरे आणतील ती जपून ठेवा. तो मजकूर कोणत्याही मालिकेत सापडणार नाही.